उडवीचं आडनाव : जपानमधले सात दिवस

दिवस पहिला, वाकायामा

आमच्या लॅबमध्ये ‘सुझुकी’ म्हटलं की माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. ‘सुझुकी लावली का?’, ‘कालची सुझुकी अडकलीय, बेस बदलून बघ’, ‘वर्कअप उद्या करू’ असं दिवसभर चाललेलं असतं. ही सुझुकी म्हणजे कार्बनला कार्बन जोडणारी एक रासायनिक अभिक्रिया, अकिरा सुझुकी या नोबेलविजेत्या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाची. पुण्यात औषधांच्या रसायनशास्त्रात काम करायला लागून मला सतरा वर्षं झाली. या काळात किती सुझुकी लावल्या, मोजदाद नाही. संध्याकाळी घरी यावं तर लेक व्हायोलिनवर सुझुकी पद्धतीचे धडे घोटत असते. आणि आमच्या बाबांनी आयुष्यात घेतलेली पहिली गाडी म्हणजे लाल मारुती ८००, तिच्यामागेही हेच नाव.

गेल्या वर्षी एका रात्री जेवताना लेकीने विचारलं, “आई, हे सगळे सुझुकी एकमेकांचे कोण लागतात?” मी म्हटलं, कुणी नाही. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही, म्हणून वाचायला बसले. जपानमध्ये सुमारे १८ लाख लोकांचं आडनाव सुझुकी आहे. सातो पहिल्या क्रमांकावर, सुझुकी दुसऱ्या. आणि या अठरा लाखांचं मूळगाव सांगतात ते वाकायामाजवळच्या कायनान गावातलं एक देऊळ. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं ते त्या ओळीवर.

आज दुपारी कान्साई विमानतळावर उतरलो आणि संध्याकाळपर्यंत वाकायामात पोचलो. अंग आंबलं होतं, तरी लेकीला चालायचं होतं. स्टेशनजवळच्या शंभर येनच्या दुकानात शिरलो आणि तिथे मला एक गोष्ट दिसली, तिच्यासमोर आम्ही अर्धा तास उभ्या राहिलो. आडनावांचे तयार शिक्के! जपानमध्ये पार्सल घेताना, कागदावर सही करायच्या जागी, असा बोटाएवढा शिक्का मारायची जुनी रीत आहे. त्याला हांको म्हणतात. फिरता स्टँड, त्यात शेकडो बारीक खाचा, प्रत्येक खाचेत एक आडनाव. मांडणी अ-का-सा-ता-ना या क्रमाने. ही वर्णमाला लावायची पद्धत संस्कृतच्या अभ्यासातून, बौद्ध भिक्षूंच्या हातून तिकडे गेली. म्हणजे आपल्या बाराखडीची दूरची बहीणच. लेकीने ‘सा’च्या ओळीत बोट फिरवत फिरवत ‘सु’ गाठलं. 鈴木. त्या खाचेत दोनच शिक्के उरले होते. शेजारच्या खाचा भरलेल्या. ११० येन देऊन तिने त्यातला एक घेतला.

दिवस दुसरा, कायनान

शनिवार. वाकायामाहून लोकल गाडीने कायनानला उतरलो. हे गाव झाडू, ब्रश, घासण्या अशा घरगुती वस्तूंसाठी जपानभर प्रसिद्ध आहे. पूर्वी इथल्या डोंगरातल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या केसांसारख्या धाग्यांपासून त्या बनत. स्टेशनपासून फुजिशिरो देवळापर्यंत वीसेक मिनिटांची चाल आहे. घरं बुटकी, गल्ल्या अरुंद. डोंगरउतारांवर संत्र्याच्या बागा.

फुजिशिरो हे कुमानोच्या यात्रेतलं मोठं ठाणं. क्योतोहून दक्षिणेला कुमानोच्या तीन महादेवळांकडे जाणाऱ्या वाटेवर जागोजागी छोटी देवस्थानं होती, त्यांना ‘ओजी’ म्हणत. ‘नव्व्याण्णव ओजी’ असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे पुष्कळ. त्यांतली पाच मानाची, आणि फुजिशिरो त्यांपैकी एक. आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेल्या माणसाला अशी वाट समजावून सांगावी लागत नाही. निवृत्त सम्राटसुद्धा इथून गेले.

आवारात कापराचं एक अजस्र झाड आहे. खोडाला दोर बांधलेला, पायथ्याशी लहानसं देऊळ. हा वृक्ष मुलांचा रक्षक. या भागात पोराला इथून नाव घ्यायची प्रथा होती : ‘कुसु’ म्हणजे कापराचं झाड, ‘कुमा’ म्हणजे कुमानो, ‘फुजी’ म्हणजे फुजिशिरो. बुरशी आणि लोकपरंपरांचे थोर अभ्यासक मिनाकाता कुमागुसु यांच्या नावात ‘कुमा’ही आहे आणि ‘कुसु’ही. लेक त्या खोडाला गाल लावून उभी राहिली. कापराचा वास येतो का बघत होती. पान चुरगळून हुंगलं तेव्हा आला, आपल्या देवघरातला ओळखीचा वास.

देवळाला लागूनच ‘सुझुकी याशिकी’, म्हणजे सुझुकींचा वाडा. कुमानोच्या पुरोहितांचं होझुमी नावाचं एक जुनं घराणं, त्याची एक शाखा सुझुकी म्हणवून घेऊ लागली आणि इथे येऊन स्थिरावली. योशित्सुने या लाडक्या वीराच्या पदरी असलेला सुझुकी साबुरो शिगेइए याच घरातला. ११८९ मध्ये धन्याबरोबर तोही पडला, असं सांगतात. पिढ्यामागून पिढ्या वाडा नांदता राहिला. १९४२ मध्ये शेवटचे वंशज गेले आणि घर रिकामं पडलं. पुढची कितीतरी वर्षं ते ढासळत होतं. देशभरातल्या सुझुकींनी वर्गणी काढली, वाडा पुन्हा उभा राहिला, आणि २०२३ मध्ये लोकांसाठी उघडला.

माझं मन अडकलं ते इथेच. ज्या घरातून नाव निघालं त्या घरात ते नाव लावणारं कुणी उरलेलं नाही. आणि ते घर ज्यांनी उभं केलं त्यांचा त्या घराण्याशी रक्ताचा धागा असेलच असं नाही. फक्त आडनाव.

आत नव्या लाकडाचा वास होता. ओसरीत बसून समोरची बाग आणि तळं बघत होतो, तेवढ्यात सत्तरीतलं एक जोडपं येऊन शेजारी टेकलं. तोक्योजवळून आले होते. सुझुकीच. आजोबांनी फोनवरच्या अनुवादातून विचारलं, तुमचं आडनाव काय? मी सांगितलं, आम्ही सुझुकी नाही, पण माझ्या कामात रोज सुझुकी करते. अनुवादाने त्याचं काय केलं कोण जाणे, ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मी वहीत दोन षटकोन काढले, मधे एक रेघ, वर ‘अकिरा सुझुकी, २०१०’ लिहिलं. आजोबांचा चेहरा उजळला. “नोबेरु!” आणि मग ते बोटांवर सुझुकी मोजू लागले. पहिलं बोट अर्थातच इचिरोचं.

इचिरोची गोष्ट या आडनावाच्या प्रवासात सांगायलाच हवी. बेसबॉलमधला हा महान खेळाडू सुझुकी इचिरो. पण सुझुकी इतके उदंड, की १९९४ मध्ये त्याच्या प्रशिक्षकाने त्याचं नोंदणीचं नावच नुसतं ‘इचिरो’ करून टाकलं. त्याच मोसमात त्याने २१० हिट्सचा विक्रम केला. पुढे अमेरिकेत गेला, तिथे २००४ मध्ये एका मोसमात २६२, आणि २०२५ मध्ये कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला. आशियात जन्मलेला असा पहिलाच खेळाडू. आडनाव बाजूला ठेवून नाव कमावलं, आणि आता जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध सुझुकींमध्ये त्याची गणना होते.

दुसरं बोट कान्तारो सुझुकींचं. १९३६ च्या लष्करी बंडात गोळ्या लागूनही वाचलेले नौदलाचे ॲडमिरल. एप्रिल १९४५ मध्ये, ७७ व्या वर्षी पंतप्रधान झाले आणि ऑगस्टमध्ये युद्ध संपलं ते त्यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात. तिसरं बोट हारुनोबु सुझुकींचं. १७६५ च्या सुमारास लाकडी ठशांची अनेक रंगांतली चित्रं त्यांनी बहराला आणली. आजोबांनी चौथं बोट उघडलं आणि आजींकडे दाखवलं. आजी लाजल्या.

त्या आजींनीच मला आडनावाचा अर्थ दाखवला. लिहिताना अक्षरं ‘घंटा’ आणि ‘झाड’ अशी असतात, पण ती नुसती आवाजासाठी घेतलेली. माझ्या वहीत त्यांनी एक उभा खांब काढला. मग त्याच्याभोवती, खालून वर, कापलेल्या भाताच्या पेंढ्या रचत गेल्या. शेवटी टोकाला एक झुपका. कुमानोकडे याला ‘सुसुकी’ किंवा ‘सुझुकी’ म्हणत. त्या खांबावरून भाताचा देव खाली उतरतो अशी श्रद्धा. होझुमी या जुन्या नावाचा अर्थही तोच, लोंब्यांची रास.

मी चित्राचा फोटो काढून चिपळूणला आईला पाठवला, आणि लगेच फोन लावला. तिने चष्मा लावून बघितलं. “अगं, ही तर उडवी! आपल्या खळ्यात रचायचे ती. मधे खांब नको का, नाहीतर कलंडते.” मग बराच वेळ ती आजोळच्या खळ्याबद्दल बोलत राहिली, पावसाच्या आत उडव्या रचून होण्याची कशी घाई असे त्याबद्दल. शेजारी बसलेल्या सुझुकी आजी ऐकत होत्या. भाषा कळत नव्हती, पण ‘उडवी’ शब्द त्यांनी दोनदा घोळवून म्हणून बघितला.

हे नाव इतकं पसरलं कसं? कुमानोचे पुरोहित गावोगाव हिंडून देवाचा महिमा सांगत, यात्रेकरू जमवत, नवी देवळं उभी करत. त्यांत सुझुकी पुष्कळ होते आणि ते पूर्वेकडे जास्त गेले. म्हणून आजही हे आडनाव पूर्व आणि मध्य जपानात दाट आहे. पुढे मेइजी सरकारने १८७० मध्ये सामान्य लोकांना आडनाव लावायची मुभा दिली आणि १८७५ मध्ये ते सक्तीचं केलं. काहींकडे आधीपासून होतं, काहींनी तेव्हा निवडलं. आपल्याकडे पाटील, देशमुख म्हणजे एक घराणं नव्हे हे आपल्याला ठाऊक असतं, तसंच हे.

परतताना फुजिशिरोच्या घाटीकडे थोडं चढलो. तिथे राजपुत्र आरिमाचं स्मारक आहे. इसवी सन ६५८ मध्ये, बंडाच्या आरोपावरून, याच घाटीत त्याचा गळा आवळला. विशीही गाठली नव्हती त्याने. लेक तिथे गप्प झाली. आम्ही दोघी निमूट खाली उतरलो.

दिवस तिसरा, हामामात्सु

कायनानहून ओसाका, तिथून शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. हामामात्सु हे सुझुकींनी गजबजलेलं गाव. शिझुओका प्रांतात हे आडनाव पहिल्या क्रमांकावर आहे. एका दुकानाच्या पाटीवर, दवाखान्याच्या पाटीवर, छताच्या कौलांच्या कारखान्यावर, लेक शिक्क्यातली अक्षरं ओळखून मोजत होती. चाळिसाच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. तिच्या शाळेतल्या मेलोडिकासारखी वाद्यं बनवणारी सुझुकी कंपनीही याच गावची, आणि तिचा मोटारवाल्या सुझुकींशी संबंध नाही.

मोटारवाल्यांचं संग्रहालय ताकात्सुका स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आधी नोंदणी करावी लागते, तिकीट नाही. मला वाटलं होतं गाड्या बघायच्या. पण मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते एका मागापाशी.

मिचिओ सुझुकी १८८७ मध्ये इथल्याच कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात जन्मले. सुताराच्या हाताखाली शिकले. १९०८ मध्ये त्यांनी पहिला माग बनवला तो आईसाठी, ती घरी बसून विणत असे म्हणून. तो चांगला चालला, शेजारपाजारच्या बायका मागायला आल्या, आणि १९०९ मध्ये मागांचा कारखाना सुरू झाला. मोटारी फार नंतर आल्या. १९५२ मध्ये सायकलला लावायचं ३६ सीसीचं इंजिन आणि १९५५ मध्ये पहिली छोटी गाडी. लाकूड, दोरे, धोटा बघताना मला आजी आठवत राहिली, अंगणात बसून वाकळ शिवणारी.

मिचिओंच्या नंतर कंपनीचे अध्यक्ष झालेले शुन्झो हे त्यांचे जावई. त्यांच्या पुढचे जित्सुजिरो, तेही जावई. आणि ओसामु सुझुकी, ज्यांना भारत ओळखतो, ते शुन्झोंचे जावई. ओसामु १९३० मध्ये गिफु प्रांतातल्या गेरो गावी मात्सुदांच्या घरात जन्मले. लग्नानंतर सासरचं नाव घेऊन १९५८ मध्ये कंपनीत आले. जपानमध्ये याला ‘मुकोयोशी’ म्हणतात. जावयाला दत्तक घेऊन घराण्याचा वारस करायचं. आपल्याकडच्या ‘घरजावई’ शब्दाला जी खालची छटा आहे ती याला नाही. उलट धंदा पेलेल असा माणूस निवडून त्याच्या खांद्यावर नाव ठेवायचं.

ओसामु १९७८ मध्ये अध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षी ४,७०,००० येनची आल्टो आली आणि कंपनी सावरली. ऑक्टोबर १९८२ मध्ये भारत सरकारशी करार झाला, तेव्हा मोठ्या परदेशी कंपन्या आपल्याकडे यायला का-कू करत होत्या. सुझुकींनी सुरुवातीला २६ टक्के वाटा घेतला. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. आमच्या बाबांनी नंबर लावून वाट बघितली. गाडी आली त्या दिवशी आजीने तिला हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आम्ही सहाजण त्या टीचभर गाडीतून सारसबागेत गेलो. ओसामु २५ डिसेंबर २०२४ ला, ९४ व्या वर्षी गेले. भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. तिथे उभ्या उभ्या मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, “माझ्याकडून हात जोड.” मी जोडले.

रात्री जेवताना भात विटकरी रंगाचा आला, कोंडा न काढलेला. या प्रांतातलाच आणखी एक सुझुकी माझ्या मनात होता आणि त्याच्याबद्दल मी लेकीला सांगितलं. उमेतारो सुझुकी, १८७४ चा जन्म, शेतकऱ्याचा मुलगा. त्या काळात कोंडा काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर जगणाऱ्या जपानी शहरांत, सैन्यात, बेरीबेरीने माणसं मरत होती. पाय सुजायचे, बधिर व्हायचे, हृदय थकायचं. उमेतारोंनी तांदळाच्या कोंड्यातून १९१० मध्ये ते द्रव्य वेगळं केलं ज्याच्या अभावी हे होत होतं. तांदळाच्या शास्त्रीय नावावरून त्याला पुढे ‘ओरिझानिन’ म्हटलं. आज आपण त्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. त्यांचा शोध आधी जपानीत छापला गेला. जर्मन सारांशात ते नवं पोषकद्रव्य आहे ही मुख्य गोष्टच नीट उतरली नाही, आणि ‘व्हिटॅमिन’ शब्दाचं श्रेय युरोपात काम करणाऱ्या काझिमिर फुंक यांना गेलं. मला याचं दर वेळी वाईट वाटतं. कोंड्याचा मांडा करणं आपण म्हणीत ऐकतो. या माणसाने प्रयोगशाळेत ते करून लाखोंचे जीव वाचतील अशी वाट काढली. आणि आडनाव कुठलं, तर भाताच्या उडवीचं.

दिवस चौथा, मात्सुमोतोच्या वाटेवर

नागोयाला गाडी बदलली आणि ‘शिनानो’ने किसो दरीतून वर निघालो. नदी कधी डाव्या हाताला, कधी उजव्या. डोंगर लालपिवळे होत आलेले. किसो-फुकुशिमा स्टेशन आलं तेव्हा लेकीला उठवलं. लेक ज्या पद्धतीने व्हायोलिन शिकते तिचे जनक शिनिची सुझुकी युद्धाच्या काळात इथे राहिले होते. वडिलांच्या व्हायोलिन कारखान्यात तेव्हा व्हायोलिनं बनत नव्हती, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे लाकडी तरंडे बनत होते, आणि त्यांच्यासाठी लाकूड मिळवायला शिनिचींना या दरीत यावं लागलं. लेकीने काचेला नाक लावून डोंगर बघितले. “याच झाडांचं?” तिने विचारलं. बहुधा याच.

मात्सुमोतोतलं शिनिचींचं घर आता संग्रहालय आहे, पण सोमवारी ते बंद असतं हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. संध्याकाळी काळा किल्ला बघितला, गरम सोबा खाल्ला, झोपलो.

दिवस पाचवा, मात्सुमोतो

शिनिची सुझुकी या घरात अनेक वर्षं राहिले. बाहेरून पाहिलं तर कुणा निवृत्त शिक्षकाचं घर वाटावं. चपला काढून आत गेलो. आवाज आपोआप खाली गेला.

त्यांचे वडील मासाकिची शामिसेन हे जपानी तंतुवाद्य बनवणारे कारागीर. पाश्चात्त्य व्हायोलिन हाती पडलं तसं त्याचं बारकाईने निरीक्षण करून ते बनवायला शिकले आणि नागोयात कारखाना काढला. शिनिची १८९८ चे. कारखान्यात वाढूनही व्हायोलिन त्यांना लहानपणी खेळण्यासारखं वाटायचं. मग एक दिवस ग्रामोफोनवर व्हायोलिनवादक मिशा एल्मनची रेकॉर्ड ऐकली आणि त्या वस्तूतून असा आवाज निघतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. ते आपलं आपण वाजवायला शिकले, मग १९२१ मध्ये बर्लिनला गेले, कार्ल क्लिंगलरकडे आठ वर्षं शिकले. तिथे आइन्स्टाइनच्या घरी जाणंयेणं होतं, तिथेच वाल्ट्राउट भेटल्या आणि लग्न झालं.

त्यांना जे उमगलं ते ऐकायला अगदी साधं आहे. जपानमधली झाडून सगळी मुलं जपानी बोलतात! कुठलंही मूल ‘याला भाषेचं अंग नाही’ म्हणून मागे पडत नाही. कारण ते जन्मल्यापासून ऐकतं, आई एकच शब्द शंभरदा म्हणते, चुकलं तरी कौतुक करते. मग संगीत असंच का शिकवू नये? १९४६ मध्ये, सगळं बेचिराख झालेलं असताना, मात्सुमोतोत त्यांनी शाळा सुरू केली. १९५५ मध्ये तोक्योत हजाराहून जास्त मुलांनी एकत्र वाजवलं आणि जग थक्क झालं.

माझी लेक पाच वर्षांची असताना सुरू झाली. पहिले काही आठवडे हातात व्हायोलिन नाही, खोका. पायाखाली कागद, त्यावर पावलांच्या आकृत्या. घरात दिवसभर तीच रेकॉर्ड. मग ‘ट्विंकल’ची ताल बदलून बदलून केलेली रूपं, महिनोन्महिने. पालकानेही शिकावं असा नियम, म्हणून मीही वाजवलं. रात्री नऊला लॅबमधून थकून आल्यावर वाजवलेलं ते ‘ट्विंकल’ मला आयुष्यभर पुरेल. मी मोठी झाले ती ‘गाणं अंगात असावं लागतं’ हे ऐकत. माझ्या अंगात नाही असं ठरवून टाकलं गेलं होतं, सातव्या वर्षी. या माणसाने ते मोडून काढलं, माझ्यापुरतं थोडं उशिरा, पण माझ्या मुलीसाठी वेळेवर.

पहाटे तीनला उठून ते मुलांनी पाठवलेल्या परीक्षेच्या टेप ऐकत, प्रत्येकाला अभिप्राय देत. लेक त्या खोलीत उभी होती. तिने व्हायोलिन आणलं नव्हतं, पण उजवा हात हवेत धरून, मनगट सैल सोडून, तिने एकदा गज ओढल्यासारखा केला. मग मागे वळून बघितलं, कुणी रागावत नाही ना.

दुपारी नागानोमार्गे कानाझावाला.

दिवस सहावा, कानाझावा

आज एकच ठिकाण. दाइसेत्सु सुझुकी संग्रहालय. मूळ नाव तेइतारो, जन्म १८७० मध्ये याच वस्तीतला. ‘दाइसेत्सु’ हे नाव त्यांचे झेन गुरू शाकु सोएन यांनी दिलं. १८९३ मध्ये शिकागोच्या ज्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, त्याच व्यासपीठावर शाकु सोएनही होते, आणि त्यांच्या भाषणाचं इंग्रजी या तरुण तेइतारोने केलं होतं. पुढे तेइतारो अकरा वर्षं अमेरिकेत राहिले. इंग्रजीत लिहून झेन पश्चिमेला नेणारा हा माणूस संस्कृतही शिकलेला होता. ‘लंकावतार सूत्रा’चं त्यांचं संस्कृतातून केलेलं इंग्रजी भाषांतर १९३२ मध्ये आलं.

इमारत योशिओ तानिगुची यांची, २०११ ची. आत शिरल्यावर काचेपलीकडे पहिल्याच बागेत एक मोठं झाड. कापूर! फुजिशिरोच्या देवळातल्या झाडाचा भाऊ. लेकीने माझा हात घट्ट दाबला.

दालनात वस्तू थोड्या, माहितीचे फलक त्याहून थोडे. मग मोकळ्या हवेत येतो आणि पुढे पाणी. उथळ, काळसर, आरशासारखं, भिंतींमध्ये धरलेलं. मधे एक पांढरी चौकोनी खोली, आत बसायला चौथरे, नाव ‘चिंतनाची जागा’. बसलो. काही वेळाने पाण्यात कुठेतरी बारीक आवाज झाला आणि एक वर्तुळ उमटलं, पसरत पसरत भिंतीपर्यंत गेलं, मोडलं, पाणी पुन्हा आरसा. ठरावीक वेळाने होतं ते. लेकीने पाच वर्तुळं बघितली. मी मोजत नव्हते. आईचं बोलणं, खळं, बाबांचे जोडलेले हात असं एकेक मनात उमटून भिंतीला लागत होतं.

आणखी एक झेन सुझुकी आहेत, शुनर्यु. शिझुओकातल्या याइझुच्या देवळातून १९५९ मध्ये सान फ्रान्सिस्कोला गेले आणि तिथे झेन केंद्र उभं केलं. दोघांमध्ये लोक सतत गल्लत करत. ते म्हणत, मोठे सुझुकी ते, मी छोटा सुझुकी.

दिवस सातवा, सप्पोरो

कोमात्सुहून सकाळचं विमान घेतलं. हवा एकदम बदलली, लेकीला दोन स्वेटर. होक्काइडो विद्यापीठाच्या आवारातल्या गिंकोच्या रांगा पिवळ्याधम्मक झाल्या होत्या, पानं रस्त्यावर घोट्यापर्यंत.

संग्रहालय १९२९ च्या जुन्या विज्ञान विभागाच्या इमारतीत. जिन्यावरच्या घुमटाला ‘आइन्स्टाइन डोम’ म्हणतात. भिंतींवर चार उठावचित्रं आहेत : फळं, सूर्यफूल, वटवाघूळ, घुबड. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. संशोधकाचा दिवस असाच असतो.

अकिरा सुझुकी १९३० मध्ये इथून दक्षिणेला मुकावा गावात जन्मले. आवड गणिताची, पण विद्यापीठात रसायनशास्त्राने ओढून घेतलं. १९६२ मध्ये सप्पोरोतल्या पुस्तकांच्या दुकानात हर्बर्ट ब्राऊन यांचं बोरॉनच्या संयुगांवरचं पुस्तक दिसलं. ते घेऊन रात्रभर वाचलं आणि पुढच्या वर्षी थेट ब्राऊनकडे अमेरिकेत गेले. परतल्यावर १९७९ मध्ये नोरिओ मियाउरा यांच्याबरोबर ती अभिक्रिया प्रसिद्ध केली.

कार्बनला कार्बन जोडणं सोपं नसतं. दोघांना जवळ आणून काही होत नाही. सुझुकीत एका तुकड्यावर बोरॉन, दुसऱ्यावर ब्रोमीन किंवा आयोडीन. पॅलॅडियम हा धातू; ते आधी एकाचा हात धरतं, मग दुसऱ्याचा, दोघांना एकमेकांच्या हाती देतं आणि स्वतः मोकळं होऊन पुढच्या जोडीकडे जातं. बोरॉनचं संयुग म्हणजे बहुधा पांढरी पूड, हवेत टिकणारी, पाण्याला न घाबरणारी. मागे राहतं ते फारसं विषारी नाही, धुऊन काढता येतं. म्हणून कारखान्यात टनावारी चालते. लोसार्टनसारखं रक्तदाबाचं औषध या वाटेने बनवता येतं. आईच्या डबीत ती गोळी असते.

या शोधाचं त्यांनी पेटंट घेतलं नाही. काम सरकारी पैशावर झालं होतं. २०१० मध्ये रिचर्ड हेक आणि एइइची नेगिशी यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

मी पहिली सुझुकी लावली तेव्हा तेवीस वर्षांची होते. नायट्रोजन सोडला, ऐंशी अंशाला ठेवली आणि तासाभरात फ्लास्क काळा पडला. पॅलॅडियम मेलं. आमच्या सरांनी न रागावता सांगितलं, हवा नीट काढली नाहीस, पुन्हा लाव. ते काळं पडलेलं द्रावण मला अजून दिसतं.

अकिरा सुझुकींच्या कामाची मांडणी होती तिथे उभी होते आणि खिशात फोन थरथरला. पुण्यात दुपारचा दीड वाजला होता. माझ्या ज्युनियरने टीएलसी प्लेटचा, म्हणजे अभिक्रिया झाली का ते दाखवणाऱ्या पट्टीचा, फोटो पाठवला होता, यूव्हीच्या हिरव्या उजेडातला. सुरुवातीच्या मालाच्या, म्हणजे ‘एसएम’च्या, जागी काही नाही, वर एकच गोल ठिपका. खाली लिहिलं होतं, “मॅडम, चौथ्या वेळेला सुझुकी झाली. एसएम पूर्ण गेलंय.”

लेकीला फोटो दाखवला. तिने सॅकमधून शिक्का काढला, माझ्या वहीत आजींनी काढलेल्या उडवीशेजारी दाबून मारला, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.